गाफियाची अकरावी

गाफियात गरीब लोक राहतात, हे मला शाळेच्या हॉलमधल्या पडद्यावर कळलं. आणि ते गरीब लोक म्हणजे आपण भारतीय, हेही तिथेच कळलं.

गाफिया म्हणजे ओमानमध्ये, सहम शहराच्या पुढे समुद्राकाठी वसलेलं आमचं छोटंसं गाव. खजुराच्या बागा, वाळत घातलेल्या तारल्यांचा वास, एक सिग्नल आणि दहावीपर्यंतची इंडियन स्कूल. मी इथल्या पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. माझा नवरा इग्नेशियस मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधली मशिनं सांभाळतो. आम्ही मूळचे वसईचे, पण आमची एकुलती एक ऑड्री इथेच वाढली आणि यंदा दहावीला होती. शाळेत अकरावी सुरू होणार, हे ती सहावीत असल्यापासून आम्ही ऐकत होतो.

त्या शुक्रवारी मॅनेजमेंटने मस्कतहून रुचिर नावाचा एक तरतरीत मुलगा पाठवला. पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला. त्याने महिनाभर मोबाइलवरून आमच्या गावाची पाहणी केली होती आणि आता पालकांना निकाल ऐकवत होता. पडद्यावर आधी भारतीय कुटुंबं आली. दहा वर्षांत निम्म्याहून कमी. मग उत्पन्नाची रेघ, ती घसरगुंडीसारखी सरळ खाली. शेवटी गावच्या लोकसंख्येचा एक मोठा गोल, त्यात रंगीत फोडी. ओमानी, बांगलादेशी, पाकिस्तानी, श्रीलंकन, इजिप्शियन, आणि कोपऱ्यात एक बारीक केशरी फोड. ती आमची.

"सो, ट्रेंड क्लिअर आहे," रुचिर म्हणाला. "इंडियन पॉप्युलेशन कमी होतंय, जे आहेत त्यांचं इन्कम लो आहे. अकरावीसाठी मिनिमम पंचवीस मुलं लागतात. फी परवडेल अशी फक्त नऊ दिसतात. फायनल डिसिजन पुढच्या शुक्रवारी, डायरेक्टर सर स्वतः येतील. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

  पुढच्या मोठ्या गावातल्या शाळेने जागा नाही म्हणून केव्हाच हात वर केले होते. इथे अकरावी नाही म्हणजे ऑड्री वसईला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, जेसिकाकडे जाणार. पंधरा वर्षांची पोर. आणि मी तिला वर्षातून एकदा, पाहुण्यासारखी भेटणार.

गाडीत बसल्यावर ऑड्रीने विचारलं, "मम्मी, इज इट कन्फर्म? मी जेसिका आंटीकडे जाणार?"

"अजून काही ठरलं नाही."

"मला नाही जायचंय. मला तिकडे... कोण पण ओळखत नाही." तिला मराठी बोलताना शब्द शोधावे लागतात. एरवी ती इंग्रजीतच बोलते. मराठी बोलली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

इग्नेशियस समजूत घालायला गेला. "अगं, दहावीनंतर सगळ्यांचीच मुलं गावी जातात. दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

"सगळ्यांची जातात म्हणून माझीही जाऊ दे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला की इग्नेशियस गाडीचा एसी वाढवतो. त्याने वाढवला.

माझ्या डोक्यातून ती घसरगुंडी जाईना. पडद्यावर लिहिलं होतं, सरासरी उत्पन्न महिना दोनशे साठ रियाल. मी मनातल्या मनात सगळ्यांचे संसार पाहून आले. आमच्या बिल्डिंगखाली गाड्या लावायला जागा नाही. गेल्या महिन्यात तिघांनी नवीन सोफे घेतले, आणि ते वर चढवताना जिन्यातला दिवा फोडला. दोनशे साठ रियालवाले सोफे कसे घेतात?

"तू त्या पाहणीत किती पगार लिहिलास?" मी विचारलं.

इग्नेशियस रस्त्याकडे अशा निष्ठेने बघायला लागला की जणू समोरून उंटांचा कळप येतोय.

"इग्नेशियस."

"दोनशे ऐंशी," तो पुटपुटला.

"पाचशे पन्नास मिळवतोस तू!"

"अगं, गेल्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर शांतारामने खरा आकडा लिहिला. मग काय झालं? अ‍ॅन्युअल डेच्या खुर्च्या कोण देणार? शांताराम. मंडप? शांताराम. वर साऊंडवालाही त्याच्याच दारात उभा. तेव्हापासून सगळे शहाणे झालेत. कोणीच खरं लिहीत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. मागच्या सीटवर ऑड्री पहिल्यांदाच हसली. "डॅडी, यू मेड अस पुअर?"

दुसऱ्या दिवशी मी शीलावहिनींना फोन लावला. शीलावहिनी म्हणजे त्याच शांतारामभाऊंच्या बायको, देवगडच्या. भाऊ बंदरावर क्रेन चालवतात. क्रेनवाल्याला किती मिळतात ते आमच्या गावातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

"आमच्या ह्यांनी दोनशे चाळीस टाकलेत," वहिनी खुशाल म्हणाल्या. "म्हणाले, खुर्च्या मागायला आता कोणाला तोंडच राहता नये."

"आणि तुमच्या रोहनचं काय? अकरावी झाली नाही तर?"

 वहिनींचा सूर एकदम खाली आला. "त्याला देवगडला पाठवायचं म्हणतायत. पण सासूबाई आता थकल्यात हो. ह्या वयात तिथे त्याचं करणार कोण?" म्हणजे तिथेही माझ्यासारखंच. खुर्च्या वाचवायच्या नादात आम्ही सगळ्यांनी मिळून मुलांची शाळा बुडवायला घेतली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण पगार खरे लिहिले असते तरी आकडा जुळत नव्हता. दहावीत भारतीय मुलं तेरा. तेराही थांबली तरी पंचवीस कुठून आणायची? हे कोडं मी क्लिनिकमध्ये घेऊन बसले होते, तेवढ्यात शरीफभाई बायकोला तपासायला घेऊन आले. हे चितगावचे. समुद्रावर फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. कपड्यांवर कायम पांढरी भुकटी, म्हणून गावातले आपले लोक त्यांना लेबर समजतात. त्यांची मुलगी नाझमा ऑड्रीच्या वर्गात, ऑड्रीच्याच बाकावर.

"नाझमा का ग्यारहवीं का क्या सोचा, शरीफभाई?" मी सहज विचारलं.

"क्या सोचेगा, सिस्टर? चितगाव भेजना पडेगा। इधर तो ग्यारहवीं नहीं है।"

"वो स्कूल का सर्वे आया था ना मोबाइल पे, आपने भरा?"

"कौन सा सर्वे? हमको तो कोई कुछ नहीं पूछा।"

मागे लॅबच्या दारात अंबरीन उभी होती, हातात नळ्यांचा ट्रे. अंबरीन कराचीची, आमची लॅब टेक्निशियन. तिचा मुलगाही दहावीत. "मुझे भी नहीं आया, एलिझाबेथ," ती म्हणाली. "मैंने समझा, आप लोगों का आपस का मामला है।"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहणी गेली होती ती आमच्या भारतीय पालकांच्या ग्रुपवर. रुचिर मस्कतला बसलेला. त्याला कुणीतरी म्हणालं असेल, इंडियन स्कूल आहे ना, मग इंडियन ग्रुपवर टाक. ह्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं त्या ग्रुपच्या बाहेर होती, आणि ती दहावीनंतर आपापल्या देशी जाणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या आईबापांना विचारायची तसदी कुणीच घेतली नव्हती.

आणि मी तरी काय वेगळं समजत होते? आपली कुटुंबं गेली, मंडळाच्या हळदीकुंकवाला चार बायका उरल्या, नाताळच्या पार्टीला एक टेबल पुरतं, म्हणजे गाव ओस पडलं, असंच मीही म्हणत होते. इकडे क्लिनिकमध्ये नंबर लागत नव्हते. कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोशाच्या पाटीखाली बंगाल्यांच्या इलिश माशाची पाटी लागली होती. गाव भरलेलंच होतं. फक्त त्यात आम्ही कमी होतो.

संध्याकाळी मी ऑड्रीला म्हणाले, "तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या आईबाबांना निरोप द्यायचाय. कसा देऊ?"

"सिंपल," ती म्हणाली. "आमच्या क्लासच्या ग्रुपवर सगळे आहेत."

म्हणजे मोठ्यांना जे जमलं नव्हतं, ते ह्या पोरांनी केव्हाच करून ठेवलं होतं. ऑड्रीने शुक्रवारच्या मीटिंगला या, असा मेसेज टाकला. सहीच्या जागी माझं नाव, आणि पुढे तिने स्वतःच्या मनाने लिहिलं, 'स्नॅक्स विल बी देअर.' ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी शेंगोळ्या तळायला बसले.

शुक्रवार उजाडेपर्यंत बातमी पसरली. शांतारामभाऊ स्वतः दारात आले. "वयनी, शाळा आपली. मीटिंग आपली. त्येंका कित्याक बोलावलात?"

"भाऊ, तुमचा रोहन क्रिकेट कोणाबरोबर खेळतो?"

"त्येंच्याच पोरांबरोबर."

"मग शाळेतही त्यांच्याच पोरांबरोबर बसेल. की देवगडला पाठवताय?"

भाऊ आले तसे परत गेले. शेंगोळ्यांची पुडी मात्र घेऊन गेले.

संध्याकाळी हॉलमध्ये मी माझी सगळी मंडळी पहिल्या रांगेत बसवली. शरीफभाई आज पांढराशुभ्र पंजाबी, म्हणजे त्यांच्याकडचा लांब कुडता, घालून आले होते. अंबरीन, तिचा नवरा, श्रीलंकेचं एक जोडपं, एक इजिप्शियन मास्तर, आणखी कितीतरी. आपली मंडळी आली, पहिली रांग भरलेली पाहून थबकली आणि मागे जाऊन बसली. व्यासपीठावर डायरेक्टर सागरसाहेब. गंभीर गृहस्थ, सारखे घड्याळ बघणारे. रुचिरने पुन्हा तीच घसरगुंडी पडद्यावर लावली.

मी उभी राहिले.  डोळ्यांसमोर वसईला निघालेली ऑड्रीची बॅग होती, आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सर, ये लाइन झूठी है," मी म्हणाले. "मेरा नाम एलिझाबेथ. मेरे हसबंड ने दो सौ अस्सी लिखा है. उसकी पगार पांच सौ पचास है."

 गल्फमध्ये माणूस आपली दुखणी सांगेल, घरची भांडणं सांगेल, पण पगार सांगणार नाही. इग्नेशियसने खुर्चीत इतकं अंग चोरलं की मला त्याचा फक्त टकलाचा भाग दिसत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पाचशे पन्नास?" शांतारामभाऊ उठून उभे राहिले होते. गेली पंधरा वर्षं ते इग्नेशियसला आपल्यापेक्षा खालचा धरून चालले होते, आणि आता अख्ख्या गावासमोर ते दोनशे चाळीसवाले ठरत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "साहेब, मेरा छे सौ दस लिखो. ओव्हरटाइम अलग! मी काय भिकारी नाय!"

शीलावहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या.

मग काय विचारता! एका क्रेनवाल्याने सांगितल्यावर दुसरा गप्प बसतोय होय? केटरिंगवाल्याने चारशे ऐंशी सांगितले. सिमेंट कंपनीतल्या अकाउंटंटने घसा खाकरून सातशे सांगितले आणि बायकोने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तिलाही ते आजच कळत असावं. रुचिर भराभर आकडे घालत होता आणि पडद्यावरची घसरगुंडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढत होती. दहा मिनिटांत गाफियाचं उत्पन्न दुप्पट झालं. त्यासाठी कोणाला एक पैसाही जास्त कमवावा लागला नाही.

"अँड यू, सर?" रुचिरने पहिल्या रांगेत शरीफभाईंना विचारलं.

शरीफभाई संकोचून उठले. "मेरा पगार नहीं है, साब. वर्कशॉप है। सीझन में बारा सौ, कभी तेरा सौ. बाद में थोडा कम होता।"

मागच्या रांगा आ वासून बघत राहिल्या. ज्यांना आपले लोक वर्षभर 'ए भाई, होडी बाजूला घे' म्हणत होते, ते हॉलमधले सगळ्यात श्रीमंत निघाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"और नाझमा?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. "अगर यहां ग्यारहवीं हुई तो?"

"तो कहां जाएगा, सिस्टर? इधर ही पढेगा। घर में रहेगा, मां के पास."

मां के पास. हॉलमधल्या सगळ्या आया एकदम सरळ बसल्या. ते तीन शब्द कुणालाच आपल्या भाषेत करून सांगावे लागले नाहीत.

सागरसाहेबांनी माइक जवळ ओढला. ते हसले नव्हते. "बहुत अच्छा. लेकिन आकडा बोलना आसान है. जिसको ग्यारहवीं चाहिए, आज, अभी, सीट का डिपॉझिट भरे. साठ रियाल. पच्चीस हो गए तो क्लास शुरू. चौबीस हुए तो नहीं."

आता खरी गंमत. ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी छाती फुगवून सहाशे-सातशे सांगितले होते, त्यांना साठ परवडत नाहीत म्हणायला जागाच उरली नाही. शांतारामभाऊंनी चोहीकडे पाहिलं. शीलावहिनींनी त्यांच्या खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. ते उठले आणि ऐटीत, जणू आपणच शाळा विकत घेतोय अशा थाटात, त्यांनी मशीनवर पहिलं कार्ड ओढलं.

मग रांग लागली. शरीफभाई, अंबरीन, केटरिंगवाले, श्रीलंकेचं जोडपं. मी दारापासून टेबलापर्यंत नुसती पळत होते. एकाला मशीन कळेना, एकाचा नेट चालेना, इजिप्शियन मास्तरांना शेंगोळ्या तिखट लागल्या म्हणून पाणी हवं होतं. प्रत्येक कार्डामागे रुचिर पडद्यावर एक आकडा वाढवत होता आणि अख्खा हॉल तो मोठ्याने म्हणत होता, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत, कोणी बंगालीत. अकाउंटंटच्या बायकोने नवऱ्याकडे न बघताच भरले. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

"चोवीस!"

आणि रांग संपली.

टेबलासमोर कोणी उरलं नव्हतं. दोन घरांची मुलं खरोखरच गाव सोडून जाणार होती, एकाची देशाची तिकिटं झाली होती, तर एकाच्या वडिलांना दुसरीकडे नोकरी लागली होती. त्यांच्यापुढे मी हात जोडले, पण ते तरी काय करणार? सागरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. रुचिरचा चेहरा माझ्याहून पडला होता. तो टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कोणी राहिलंय का बघा ना. प्लीज. मला हा आकडा आवडत नाहीये."

 एका मुलासाठी. सगळं गाव जमवलं, नवऱ्याची अब्रू वेशीला टांगली, आणि एका मुलासाठी माझी पोर जाणार.  मी खुर्चीचा आधार घेतला.

"मम्मी."

ऑड्री मुलांच्या घोळक्यातून पुढे आली होती. एका हाताला नाझमा.

"मम्मी, माझे... माझे कोणी भरले?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग इग्नेशियसकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गावभर सगळ्यांची पोरं गोळा करत फिरले होते आणि माझी स्वतःची मोजायची विसरले होते!

हॉलमध्ये हशा पिकला, पण इग्नेशियस हसला नाही. तो उठला. गेल्या आठवड्यात 'सगळ्यांचीच जातात' म्हणणारा हा माणूस खुर्च्यांना धडकत, लोकांचे पाय तुडवत टेबलाशी आला.  त्याने मशीनवर कार्ड ठेवलं आणि सागरसाहेबांना ठणकावून मराठीतच सांगितलं, "ही माझी मुलगी आहे. ही कुठेही जाणार नाही."

सागरसाहेबांना मराठी येत होतं की नाही कोण जाणे. पण ते घड्याळ बघायचं विसरून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.

पंचवीस हा आकडा पडद्यावर आला तेव्हा शांतारामभाऊ शरीफभाईंच्या गळ्यात पडले होते. अंबरीन मला हलवत काहीतरी ओरडत होती, ते त्या गोंगाटात ऐकूही येत नव्हतं. मी ऑड्रीला धरलं. ती आता माझ्याएवढीच उंच झाली आहे, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्या गाफियासमोर मोठमोठ्याने रडले. मी जिंकले होते, आणि माझी मुलगी रात्री जेवायला घरी असणार होती.